16 वर्षांच्या घोडीसाठी घोडा कोणता?

आमची चांदणी मारवाडी, येऊरला असते. डोळ्यांवरचे खळगे खोल झालेत, पण चाल तशीच. 5 वर्षांपूर्वी एकदाच व्यायली. तिच्या वळलेल्या कानांचं आणखी एक शिंगरू हवंय. सारंगखेड्याच्या बाजारात देखणा घोडा पाहिलाय, अजून कुठे लावलेला नाही. चालेल का?

— दादा, घोडा नंतर. आधी गर्भाशयाची सोनोग्राफी आणि स्वॅब करा. या वयात आत पाणी साचतं, घोडी उलटते, म्हणजे गाभ धरत नाही.

— देखणेपणावर जाऊ नका. ज्याची शिंगरं स्वतः पाहिलीत, तोच शांत घोडा घ्या. गोठवलेलं वीर्य नको, म्हाताऱ्या घोडीला ताजंच बरं.

— पटलं. उद्याच डॉक्टरांना बोलावतो. गाभण राहिली तर 11 महिने तिच्याजवळच झोपेन.