भर पावसात पहिली-दुसरीच्या पोरांना बूट-मोज्यांची सक्ती कशासाठी?

सावंतवाडीकरीण: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘चपलेत येणाऱ्या पोराला शिस्त लागत नाही, बूट-मोजे बाराही महिने सक्तीचे हवेत.’ वाचून डोकं फिरलं. जुलैत कोकणातली वाट कधी तुडवलीय का? पहिल्याच वहाळात बूट भरतात, आणि त्याच ओल्या मोज्यांत पोर शाळा सुटेपर्यंत बसतं. रात्रभर चुलीपाशी टांगले तरी सकाळी मोजे दमटच. माझ्या धाकट्याला चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलली. तरी सँडल घातली म्हणून प्रार्थनेला त्याला रांगेबाहेर उभं केलं. पहिलीतलं पोर ते! जून ते सप्टेंबर मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल चालवून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

नगरी_बाप: ते वाक्य माझंच, आणि मी ठाम आहे. कोकण म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. आमच्याकडे बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. मी अनवाणी शाळेत गेलोय, बाकाखाली पाय ओढून बसायचो. सगळ्यांच्या पायात सारखे बूट असले की ती लाज राहत नाही.

झेडपी_मास्तर: सक्ती करा म्हणायला काय जातं? 2023 मध्ये सरकारने बूट-मोजे मोफत केले, विद्यार्थ्यामागे 170 रुपये. त्यात एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे! आमच्या शाळेतल्या बुटांचे तळ दिवाळीआधीच सुटले. पहिलीच्या वर्गात लेस बांधण्यात माझा अर्धा तास जातो, तो वेगळाच. आणि गणवेश? 2024-25 ला ‘एक राज्य एक गणवेश’ आलं. कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. आमच्या पोरांचा 15 ऑगस्ट जुन्याच कपड्यांत गेला. आले तेव्हा चौथीतल्या पोराची पँट घोट्याच्या वर.

बचतगटवाली: मास्तर, बायकांवर ढकलू नका. आमच्याकडे कापड कापूनच आलं होतं, मापं आमची नव्हती. एका गणवेशाची शिलाई 100 रुपये, त्यात काज-बटण, दोरा, विजेचं बिल. तुमच्या शिंप्याला विचारा, शिवतो का एवढ्यात?

झेडपी_मास्तर: बरं ताई, शिलाईला दोष नाही देत. पण गावातला शिंपी वर्गात येऊन माप घ्यायचा, दोन इंच दुमड सोडायचा, पुढच्या वर्षी ती उसवली की झालं. ते का मोडलं? डिसेंबर 2024 मध्ये सरकारलाच निर्णय फिरवून काम शाळा व्यवस्थापन समितीकडे परत द्यावं लागलं. मधल्या वर्षाचं काय?

पुण्याची_आई: तुम्हाला फुकट तरी मिळतं! आमच्या खाजगी शाळेत ठरलेल्याच दुकानातून घ्यायचं, खेळाचे पांढरे बूट वेगळे, आणि पोराचा पाय वर्षभरात वाढतो. त्यावर कुणी बोलत नाही.

नगरी_बाप: त्याचा वेगळा धागा काढा. इथे बुटांचं चाललंय. कोकणात चार महिने सँडल, चला, मान्य. पण सगळ्यांना एकसारखी आणि शाळेकडून. नाहीतर ज्याला परवडते तो रंगीत घालणार आणि उरलेले पुन्हा अनवाणी.

सावंतवाडीकरीण: एवढं मान्य करायला किती वेळ घेतलात! शाळेने द्यावी हे मात्र पटलं. समितीच्या सभेत मांडते: आमच्याकडे आधी सँडल द्या, बूट ऑक्टोबरात वाटा. आणि पायात काय आहे म्हणून कुठल्याच पोराला रांगेबाहेर काढायचं नाही, हेही ठरावात लिहून घेणार.