शब्दचर्चा: नोकरीतल्या 'रेझिलियन्स'ला मराठीत काय म्हणावं?

पत्रकवाला: आमच्या कंपनीत एचआरने 'पर्सनल रेझिलियन्स'चं, म्हणजे ताण पडला तरी पुन्हा पूर्ववत होण्याच्या क्षमतेचं, एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलंय. मराठी पत्रक माझ्या गळ्यात. मशीनने काढलेलं शीर्षक आहे 'वैयक्तिक लवचिकता'. लाइनवरच्या एकाने वाचून विचारलं, "योगासनं आहेत का?" तिन्ही पाळ्यांतले कामगार वाचणार आहेत. पर्याय सुचवा.

खडीसाखर: चिवटपणा. नाहीतर कणखरपणा.

टॉर्क: कणखर म्हणजे न वाकणारा, इथे अर्थ जवळजवळ उलटा आहे. मूळ लॅटिन क्रियापद 'मागे उसळणं' अशा अर्थाचं. पुढे इंजिनिअरिंगमध्ये शब्द असा रुळला: कायमचं न वाकता पदार्थ जेवढी ऊर्जा सामावून घेतो आणि भार काढल्यावर परत देतो, ती. भार काढल्यावर, हे महत्त्वाचं. मर्यादेपलीकडे लोड टाकत राहिलात की ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा बसतो, मग तो उठत नाही. (स्थितिस्थापकता वगैरे पत्रकावर घालू नका, कोणी वाचणार नाही.)

रात्रपाळी_सिस्टर: चिवटपणा नको आणि सोशिकपणा तर मुळीच नको. रात्री दोघींचं काम एकीवर पडतं, सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीला काम सोपवताना) वरिष्ठ म्हणतात, "तुम्ही फार सोशिक हो!" असं कौतुक झालं की समजायचं, उद्याही एकटीलाच ड्युटी.

आणि खंबीर कोणाला म्हणतात तेही बघा. नातेवाईक रडत समोर उभा असताना मान वर न करता "डॉक्टरांना विचारा" म्हणणारी लोकांना खंबीर वाटते. ती निबर झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, आजार म्हणून नव्हे, नोकरीशी निगडित अवस्था म्हणून. थकवा आणि उरक कमी होणं याबरोबर कामावरून मन उडणं हेही त्यात आहे. आपल्याकडे त्याला सरळ कोडगेपणा म्हणून मोकळे होतात.

कोरडवाहू: सिस्टर, +१. आमच्याकडे याला एक नाही, दोन शब्द आहेत. पावसाने ओढ दिली की सोयाबीन तग धरतं. सर पडली की उभारी धरतं. दुपारी पानं माना टाकतात, सकाळी परत ताठ होतात, तोवर फार चिंता नाही. सकाळीसुद्धा मान खाली दिसली की पाणी द्यावंच लागतं, तिथे पिकाला धीर देऊन भागत नाही. तुमच्या एचआरला उभारी हवीय आणि शिकवणार तग.

मोडीवाला: भाववाचक नामाचा हट्ट कशाला? 'सावरणं' आहे की. माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो, दोन्हीकडे चालतं. इंग्रजी शब्दात ही दुसरी बाजू येत नाही.

खडीसाखर: चिवटपणा मागे घेते. तो पोह्यांच्या पापडालाच राहू द्या.

पत्रकवाला: 'तग आणि उभारी' शीर्षक पाठवलं. आतल्या मजकुरात जमेल तिथे 'सावरणं' घातलं. रात्रपाळी बदलून हवी असेल तर कोणाला भेटायचं, ही ओळ मूळ इंग्रजीत नव्हती, मी पदरची टाकलीय. एचआरचं उत्तर आलं: शीर्षक आवडलं, त्या ओळीवर 'चर्चा करू'.