वेगासहून सात दिवस, सोबत आईबाबा: झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅन्यन सगळं जमेल का?

केळफूल:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या आईबाबांना घेऊन निघायचंय. दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. अमेरिकेतल्या युटा आणि ॲरिझोना राज्यांतली ठिकाणं: झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत वेगास. गाडी मी एकटीच चालवणार.

सह्यवेडा:
हा फेरा साधारण १,१०० मैलांचा होतो, पार्कांच्या आतलं फिरणं धरलं नाही तरी. जवळजवळ रोज नवं हॉटेल, रोज बॅगा बांधा. आर्चेस, कॅपिटॉल रीफ आणि मॉन्युमेंट व्हॅली सोडा, मोआबची (आर्चेसजवळच्या गावाची) बाजू वेगळ्या सहलीला ठेवा. झायन २ रात्री, ब्राइस १, पेज (ॲरिझोनातलं गाव) १, ग्रँड कॅन्यन साउथ रिम (दक्षिण काठ) २. मैल ८००च्या आसपास येतात. ग्रँड कॅन्यन ते वेगास हा शेवटचा टप्पा मात्र २८० मैलांचा, साडेचार तास धरा. त्या संध्याकाळचं विमान घेऊ नका.

पेजहून येताना कॅमेरनला वळून डेझर्ट व्ह्यूच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गेटने आत शिरा. ग्रँड कॅन्यन व्हिलेजला पोचेपर्यंतचे वीसेक मैल दरीच्या काठानेच जातात आणि पॉइंट गाडीपासून चार पावलांवर आहेत.

माळरान:
गुडघ्यांसाठी: झायनमध्ये रिव्हरसाइड वॉक ही पायवाट, जाऊन-येऊन २.२ मैल, फरसबंद, चढ अगदी थोडा. ती पार्कच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून सुरू होते. शटलच्या मोसमात त्या रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही आणि व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळीच भरतं. पार्कच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावातच राहा, गाडी हॉटेलवर ठेवा, गावातली फुकट शटल घ्या.

ब्राइसला नवाहो लूप ही पायवाट नको. आधी ५५० फूट उतार, मग तेवढाच चढ, तोही ८,००० फुटांवर. चांगल्या तब्येतीच्या माणसालाही तिथे धाप लागते. सनसेट ते सनराइज पॉइंट काठाकाठाने पाऊण किलोमीटर, सपाट. गाडीने आधी थेट रेनबो पॉइंटला जा (१८ मैल, ९,११५ फूट) आणि परतताना थांबत या, म्हणजे सगळे पॉइंट उजव्या हाताला येतात. ऑक्टोबरात रात्री तापमान शून्याखाली जातं. कानटोप्या, मोजे बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवेत.

केळफूल:
पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीतल्या शिड्या बाबांना झेपतील?

माळरान:
तिचे दोन भाग आहेत. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत, नकोच. अप्परचा तळ सपाट आहे, पण बाहेर पडताना जिने लागतात. पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना किती पायऱ्या ते विचारा. गाइडशिवाय दोन्हीकडे सोडत नाहीत. ही नवाहो या मूळ अमेरिकी जमातीची जमीन, त्यामुळे नॅशनल पार्कचा पासही चालत नाही.

सह्यवेडा:
आणि घड्याळ! युटा वेगासच्या एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणून ऑक्टोबरात पेजला वेगासचीच वेळ असते. पण नवाहो भूमीवर उन्हाळी वेळ पाळतात आणि युटाची हद्दही जवळ, त्यामुळे पेजमध्ये फोनचं घड्याळ टॉवरप्रमाणे तासाने उड्या मारतं. पेजजवळच्या टूर पेजच्या वेळेने निघतात. आपोआप वेळ बदलणं बंद करून फोनवर फिनिक्सची (ॲरिझोनाची) वेळ निवडून ठेवा.