मिंट २२ वर डॉकर बसेना, 'रिलीज फाइल नाही' म्हणतंय

उदगीरकर:
अभ्यासिकेच्या मशीनवर डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचंय. लिनक्स मिंट २२, रॅम ४ जीबी, रूट पार्टिशन ३० जीबी, होम वेगळं ४०० जीबी. डॉकरची रिपॉझिटरी (पॅकेज जिथून उतरतात तो सर्व्हर) जोडली, पण 'सुडो ॲप्ट अपडेट' दिलं की विल्मासाठी रिलीज फाइल नाही म्हणून अडतं. नेट हॉटस्पॉटचं, लाईटचा तर भरवसाच नाही. उबंटूचं स्वतःचं डॉकर पॅकेज, डॉकर-डॉट-आयओ, टाकून भागेल का?

जालना_पेंग्विन:
विल्मा हे मिंटचं नाव. डॉकरच्या सर्व्हरवर फोल्डर आहेत ते उबंटूच्या नावांचे. मिंट २२ च्या खाली उबंटू २४.०४, म्हणजे नोबल. सोर्सेस-डॉट-लिस्ट-डॉट-डी मधली डॉकरची फाइल उघडा, विल्माच्या जागी नोबल लिहा, परत अपडेट द्या.

डॉकर-डॉट-आयओनेही भागतं, कंपोजसाठी (एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवायला) डॉकर-कंपोज-व्ही२ वेगळं टाकावं लागेल. फक्त दोन्ही एकत्र नको. डॉकर-सीईसोबत (डॉकरच्या रिपॉझिटरीतलं पॅकेज) येणारं कंटेनरडी-डॉट-आयओ आणि उबंटूचं कंटेनरडी (आतून कंटेनर चालवणारा भाग) एका घरात नांदत नाहीत.

नांदेड_रूट:
बसलं की पुढची अडचण 'परमिशन डिनाइड'ची. युजरमॉडने युजर डॉकर ग्रुपमध्ये घालताना कॅपिटल जीच्या आधीचा छोटा ए विसरू नका राव. नुसत्या जीने युजर बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, सुडोमधूनही. मग लॉगआउट करून परत लॉगइन. अभ्यासिकेतल्या पोरांना हा ग्रुप देऊ नका, तो म्हणजे रूट युजरचे सगळे अधिकारच.

लाईटसाठी रन करताना रीस्टार्टचं धोरण 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा. लाईट आली की कंटेनर उठतो, मुद्दाम थांबवलेला थांबलेलाच राहतो.

हॉटस्पॉटवर इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) ओढत बसू नका. चांगल्या नेटवर 'डॉकर सेव्ह' करून पेनड्राइव्हवर आणा, इथे 'डॉकर लोड'. पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही.

उदगीरकर:
नोबल केलं, हॅलो-वर्ल्ड चाललं. डॉकरच्या सेटिंग फाइलीत, डेमन-डॉट-जेसनमध्ये, डेटा-रूट (डॉकरचा डेटा ठेवायची जागा) होमवर वळवलं, तरी इमेज लोड केली की रूट पार्टिशनच भरतंय.

जालना_पेंग्विन:
डॉकर २९ असणार. नव्या इन्स्टॉलमध्ये इमेज आता कंटेनरडीकडे, वार-लिब-कंटेनरडी फोल्डरमध्ये जातात. डेटा-रूटचा तिथे उपयोग नाही. आधी 'डॉकर सिस्टिम प्रून' ला '-ए' जोडून इमेज काढा, नाहीतर रूटवर तशाच पडून राहतील. मग डॉकर, डॉकर-डॉट-सॉकेट आणि कंटेनरडी तिन्ही थांबवा. सॉकेट सुरू राहिलं तर पुढच्या कमांडला डॉकर परत उठतो. कंटेनरडीच्या कॉन्फिग-डॉट-टॉमलमध्ये 'रूट' या सेटिंगला होमवरचा पाथ द्या. ही ओळ सगळ्या कंसातल्या सेक्शनच्या वर हवी. सुरू करून इमेज परत लोड करा.