कवितेत अर्थ कशात असतो, प्रतिमेत की वाक्यात?

माहीमकर: मर्ढेकरांचे उंदीर सगळ्यांना आठवतात: 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. उंदीर म्हणजे महानगरात गुदमरलेला माणूस, हे ऐकून ऐकून पाठ झालंय. पण त्या 'ओल्या'कडे बघा. विशेषण पिपाचं आणि बसलंय उंदराला खेटून. कानाला क्षणभर उंदीरच ओले वाटतात; व्याकरण म्हणतं, तसं असतं तर 'ओले' आलं असतं. पिपाची ओल उंदरांना लागते ती या विस्कटलेल्या अन्वयामुळे. निम्मं काम वाक्याचं आहे.

दादर_पूर्व: वृत्तासाठी शब्द पुढेमागे केले, एवढंच. मोरोपंतांपासून चालत आलंय.

माहीमकर: मात्रा मोजा ना राव. 'ओल्या पिपांत मेले उंदिर' याच्याही सोळाच भरतात. वृत्ताची सक्ती कुठे होती?

दादर_पूर्व: मोजल्या. भरतात. तरी लोकांच्या लक्षात उंदीर राहिले, अन्वय नाही. आणि सुर्व्यांचं काय? 'माझे विद्यापीठ' गिरणगावात कोणीही बोलेल तशा मराठीत आहे. शब्दांची ओढाताण नाही, तरी भिडते.

परळची_वाचक: बोलल्यासारखी भाषा म्हणजे रचना नाही, हे कोणी ठरवलं? 'ना घर होते, ना गणगोत, चालेन तेवढी पायाखालची जमीन होती.' दोनदा 'ना' ऐकल्यावर शेवटी तो 'होती' येतो, म्हणून जमीन ऐपतीसारखी वाटते. आता सरळ लिहा: 'मला घर, नातेवाईक नव्हते, फक्त जमीन होती.' डोळ्यांपुढे थेट सातबारा!

दादर_पूर्व: हसलो. 😄 पण उलट करून बघा ताई. वाक्य तेच ठेवा, प्रतिमा बदला: 'चालेन तेवढी पायाखालची फरशी होती.' मेली ना ओळ? वाक्य तर शाबूत आहे.

माहीमकर: हा मुद्दा खरंच चांगला आहे. मी 'निम्मं' म्हणालो, ते मापही मग फारसं खरं नाही.

परळची_वाचक: फरशी का मेली ते बघा पण. चार पावलांवर भिंत येते, 'चालेन तेवढी' फरशी कुठून असणार? मुंबईतल्या खोल्यांत तर नाहीच. त्या दोन शब्दांनीच फरशीला बाहेर काढलं आणि जमिनीला आत घेतलं.