दहावी पास बाईच्या हाती बाळ द्यायचं का?

वैनगंगाकाठचा: एका डॉक्टरसाहेबांची पोस्ट कालपासून तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आली. सार असं की 'लोकसहभागातून आरोग्य' हे नुसतं गोड नाव; खरं म्हणजे शहराला एमडी आणि खेड्याला दहावी पास बाई. डोकंच फिरलं, म्हणून हे लांबण लावतोय. साहेब, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत हेच केलं. गावातलीच बाई आरोग्यदूत. बाळाचे श्वास घड्याळ लावून मोजायचे, झोळीत घालून वजन करायचं, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनची सुई द्यायची. तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. तेव्हा त्या गावांत एमडी कुठे होते?

डॉ_घाटमाथा: ती पोस्ट माझीच. तुम्ही अर्धी वाचलीत. त्या बायकांच्या पाठीशी बंग दांपत्य होतं, प्रशिक्षण होतं, कोणीतरी येऊन काम तपासत होतं. 2011 साली सरकारने तेच गावोगावच्या आशा सेविकांमार्फत देशभर नेलं, तेव्हा सुई गळली, तपासणी ढिली पडली, घरभेटींचा तक्ता तेवढा उरला. माझ्याकडे सहाव्या दिवशी गार पडलेलं, दूध सोडलेलं बाळ आलं. कार्डावर तिसऱ्या दिवसाची नोंद 'सर्व ठीक'. हे बाळ तुमच्या 62 टक्क्यांत कुठे बसवू?

नगरी_हिसका: दहावीचं काय घेऊन बसलात! आरोळे डॉक्टरांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या कितीतरी आरोग्यसेविकांना सही येत नव्हती. आणि लोकांनी आधी पाणी मागितलं, गोळ्या नाही. तुमच्या पोस्टमध्ये पाण्याचं नावच नाही.

आशाची_लेक: 'सर्व ठीक' कसं लिहिलं जातं ते सांगू, डॉक्टर? माझी आई आशा आहे. ती लागली तेव्हा बाळाच्या सहा भेटींचे, 42 दिवसांचे मिळून 250 रुपये. भेटीमागे 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेली. आतून आवाज आला, "आशा ना? बाहेर थांबा." सकाळपर्यंत जिन्याखाली, पिशवी उशाशी घेऊन. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. आईला ते मी वाचून दाखवलं, तर म्हणते, "बसायला खुर्ची देतील का?"

पेठेतला_स्पष्टवक्ता: रडगाणं पुरे. चर्चा दर्जाची चाललीय. आमच्या कामवाल्या मावशींच्या गावची आशा फक्त सर्व्हे करत फिरते म्हणे.

आशाची_लेक: तो सर्व्हे काय तिने हौसेने काढला? कुष्ठरोग, क्षयरोग, आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, सगळं तिच्याच माथी. आधी रजिस्टर, मग तेच मोबाईलवर, मग साहेबांना फोटो.

धारणीवाला: मोबाईलचं तर बोलूच नका. आमच्या मेळघाटात रेंजसाठी टेकाडावर जावं लागते. वहिनी आशा आहे. फोन एका हातात वर धरून उभी राहते, तिचा पोरगा खालून ओरडते, "गेलं का वं?" माहिती गेली नाही तर पैसा अडकते.

पेठेतला_स्पष्टवक्ता: मग ऑफलाईन ॲप वापरा की.

धारणीवाला: या ना दादा, तुम्हीच शिकवा. येताना रेंज घेऊन या.

नगरी_हिसका: 😂 रजिस्टरच बरं. उंदराने खाल्लं तरी अर्धं वाचता येतं.

डॉ_घाटमाथा: मूळ मुद्दा टेकाडावरच राहिला वाटतं. बरं, मान्य, त्या आशेवर ओझं आहे. म्हणून तर म्हणतोय, तिला डॉक्टरचा पर्याय समजू नका.

वैनगंगाकाठचा: पर्याय कोण म्हणालं? बंगांनीही डॉक्टर हटवा म्हटलं नव्हतं. ते सहाव्या दिवसाचं बाळ तुमच्यापर्यंत आणलं कोणी, ते लिहा आधी.

डॉ_घाटमाथा: ...आशाच घेऊन आली होती. रिक्षाचे पैसेही तिनेच दिले. खूश?

आशाची_लेक: ते पैसे तिला परत मिळाले का?

पेठेतला_स्पष्टवक्ता: झालं, पुन्हा पैशांवर गाडी.

आशाची_लेक: तुम्हाला नाही विचारलं.