एम. ए.च्या विद्यार्थ्यांना संदर्भ द्यायला कसे शिकवावे? सल्ला हवा आहे

नवी_मार्गदर्शक : आमच्या महाविद्यालयात एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्राला लघुशोधप्रबंध असतो आणि या वर्षी २२ विद्यार्थी माझ्याकडे आहेत. एमएलए या संदर्भलेखनाच्या पद्धतीचे नमुने छापून वाटले, दोन तासिका खर्ची घातल्या, तरी संदर्भसूचीत ‘गुगल’ हा ग्रंथकार म्हणून अवतरला आहे. एकाने शके १८३१ आणि इसवी सन १९६० अशी वर्षे कसलाही खुलासा न करता एकाखाली एक लिहिली आहेत. आपण कोठून सुरुवात करता?

जुना_ग्रंथपाल : मॅडम, नमुने काही दिवस बाजूला ठेवावेत. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात, एकाने दिलेली नोंद दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि त्याने ग्रंथालयात जाऊन तेच पुस्तक, तीच आवृत्ती व तेच पान अर्ध्या तासात काढून दाखवावे. पान सापडले नाही की नोंदीत काय राहिले, हे त्यांना आपसूक कळते. स्वल्पविराम कोठे द्यायचा, हा प्रश्न त्यानंतरचा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक मात्र पुस्तक हातात घेऊनच दाखवावा, कारण मुले मुखपृष्ठ पाहतात, त्यामागचे श्रेयनामावलीचे पान उलटत नाहीत. शकाचे म्हणाल, तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे १८३१चे १९०९ होतात; परंतु पुस्तकावर माघ किंवा फाल्गुन महिना छापलेला असेल तर ७९ मिळवावे लागतात. मूळ शकही नोंदीत राहू द्यावा.

ओवीवाला : संतसाहित्यावर काम करणारे विद्यार्थी असतील, तर एमएलएचा नमुना तेथे अपुरा पडतो. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय व ओवी क्रमांक द्यावा, पृष्ठांक नव्हे. मात्र राजवाडे प्रत आणि साखरे प्रत या तिच्या संपादित प्रतींत पाठ आणि ओवीसंख्या तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून कोणती प्रत वापरली हे सूचीत नोंदवलेच पाहिजे. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांकही गाथेगणिक बदलतात. आणखी एक, ‘तत्रैव’ (म्हणजे लगेच वरच्याच तळटीपेतले पुस्तक) आणि ‘उ. नि.’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे आधी उल्लेखलेले पुस्तक) यांना मी पहिल्या मसुद्यात बंदीच घालतो. हाताने लिहिण्याच्या काळात ते सोयीचे होते. आता संगणकावर मध्येच एखादी नवी तळटीप घुसली, की खालचे ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते आणि परीक्षकाखेरीज ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

नवी_मार्गदर्शक : ‘तत्रैव’ची सूचना उद्यापासूनच लागू करते. विद्यार्थ्यांना खरी धास्ती आहे ती वाङ्मयचौर्य तपासणीतल्या ‘दहा टक्क्यांची’. म्हणून ते अवतरणे गाळून तोच मजकूर शब्द फिरवून लिहितात.

शोधकेंद्र_सहायक : हा गैरसमज आधी दूर करायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. परंतु श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असतात. त्यामुळे अवतरणचिन्हे आणि तळटीप देणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. उलट शब्द फिरवलेला मजकूर संगणकाच्या चाळणीतून निसटला, तरी विचार दुसऱ्याचा असल्याने तेथे संदर्भ द्यावाच लागतो. वर्गात एकच परिच्छेद तीन प्रकारे फळ्यावर लिहावा, म्हणजे जसाच्या तसा, शब्द फिरवून आणि स्वतःच्या आकलनातून. यांपैकी कोठे तळटीप हवी असे विचारावे. बहुतेकजण फक्त पहिल्याकडे बोट दाखवतात, आणि खरी तासिका तेथून सुरू होते.

नवी_मार्गदर्शक : संदर्भसूची तयार करणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी शिकवावे का?

जुना_ग्रंथपाल : दहा नोंदी हाताने लिहून झाल्यावर शिकवावे. ते मोफत आहे आणि उपयोगाचेही आहे, पण त्यात चुकीचे नाव भरले तर सूचीतही चुकीचेच उतरते. माझ्या अनुभवात मराठी नोंदींमध्ये ‘संपादक’, ‘पृ.’ ही लेबले इंग्रजीतच उमटली आणि शेवटी ती हाताने बदलावी लागली. त्यासाठी वेळापत्रकात एक दिवस राखून ठेवावा.